विटाळाचा वाफा

"फुलं काय खाची हायेत?" हे माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं वाक्य. बोलले ते सासूबाईंना, पण मी तिथेच चुलीवरून भात उतरवत होते आणि ते माझ्याच कानांसाठी होतं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. तो आला की पदर नाकापर्यंत ओढायचा, तोंड भिंतीकडे करायचं, त्याची सावलीसुद्धा चुकवायची. त्यालाही काही सांगायचं झालं तर तो आईला सांगणार, "माय, धाकलीले सांग." धाकली म्हणजे मी, आणि मी हाताच्या अंतरावर उभी. असा सगळा तमाशा असायचा.

मी मागितलं तरी काय होतं? मागच्या वाडीतला एक कोपरा. नागभीडहून बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, जावं लागे अशा गावात ते घर होतं. घरामागे वाडी, आणि वाडीला लागूनच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. वाडीत वाल होता, मिरची होती, भेदरं, म्हणजे टोमॅटो, होती, सगळं पोटात जाणारं. माझ्या माहेरी सिंदेवाहीला दारात मोगरा आणि शेवंती होती. सासरी आल्यावर मुंडावळ्या सुटल्या त्यानंतर मी फूल म्हणून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बरं, तो कोपरा कोणाच्या कामाचाही नव्हता. उन्हाळ्यात तिथे मुरूम दगडासारखा कडक व्हायचा आणि पावसाळ्यात बांध्यांचं पाणी घोट्यापर्यंत साचायचं. पण मागितला म्हटल्यावर तो लगेच सोन्याचा झाला.

सासरे मी येण्याआधीच गेले होते. भासरे विधुर, घराचे कर्ते. नवरा माझा चांगला माणूस, पण आठवडा आठवडा लाकडाच्या बंड्या घेऊन जंगलात असायचा, आणि घरी असला तरी भावापुढे त्याच्या तोंडाला कुलूप. म्हणजे घरात बायका दोनच, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी बाई म्हणायची. त्यांनी मला त्या वर्षी एकदाही बरी म्हटलं नाही. माझ्या भाकरी जाड, माझं सारवण ओबडधोबड, माझी चाल पुरुषी. मीही काही कमी नव्हते. बोलायची सोय नव्हती म्हणून भांडी आपटायची.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा महिन्याचे ते दिवस आले की बायकांनी बाहेर बसायचं. तीन दिवस विटाळ, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. आमच्याकडे बाहेर म्हणजे गोठ्यामागचा एक पडका मांडव. तिथे गोणपाट अंथरायचं, जर्मनची एक पोचलेली ताटली आणि लोटा घेऊन बसायचं. बाई लांबून भाकर टाकायच्या. पाण्याला शिवायचं नाही, चुलीला नाही, देवाला नाही, गाईगुरांना नाही. झाडाला तर मुळीच नाही. त्या दिवसांत हात लावला तं झाड जळते, असं बाई मला दर महिन्याला नव्यानं सांगायच्या.

पहिले काही महिने मी रडत बसले. मग रडूनही कंटाळा आला. एके दिवशी असंच बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की मला काय काय शिवायचं नाही हे सगळ्यांनी सांगितलं, पण दगडाला शिवू नको असं कोणीच म्हटलं नाही. मातीबद्दल कोणी बोललं नाही. मांडवाच्या कुडाला एक जुनी सब्बल, लोखंडी पहार, टेकवलेली होती, तिच्याबद्दलही नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या तीन दिवसांत मला कोणी काम सांगू शकत नव्हतं. एरवी पहाटेच्या जात्यापासून रात्रीच्या शेणापर्यंत मला पाठ टेकायला फुरसत नसायची. आता मी अख्खा दिवस रिकामी, आणि माझ्या जवळ यायची कोणाची छाती नाही. मला हसूच आलं. म्हटलं, तुम्हीच मला सुट्टी दिली, आता पाहा.

मी उठले, लुगड्याचा काचा मारला आणि कोपऱ्यात जाऊन मुरमावर सब्बल घातली. पहिल्या घावाला हातच बधिर झाले. पोटात कळा येत होत्या, कंबर तुटत होती, पण खरं सांगते, त्या कळा घेऊन गोणपाटावर पडून राहण्यापेक्षा ते बरं वाटलं. बाई धावत आल्या आणि लांबूनच ओरडल्या की लोक आपल्या तोंडात शेण घालतील, विटाळशी सुनेकडून खोदकाम करून घेतात म्हणतील. भासऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, करू दे. वाडीतले दगड तरी उचलले जातील फुकटात. त्यांना वाटलं मी साफसफाई करते आहे.

दर महिन्याला तीन दिवस, असं ते काम चाललं. जमीन सखल होती म्हणून वाफा उंचच पाहिजे होता, नाहीतर पावसाळ्यात सगळं कुजलं असतं. वाडीभर पडलेले दगड मी कंबरेवर घेऊन आणले. काही तर लोटत लोटत आणले. घराच्या भिंतीला करतात तसा चिखल केला, त्यात धानाचं तणस, वाळका पेंढा, टाकून पायांनी तुडवला आणि दगड बसवत गेले. पहिली भिंत मी सरळसोट उभी केली आणि माती भरायच्या आधीच ती एका वळवाच्या सरीत आडवी झाली. त्या दिवशी मी इतक्या शिव्या दिल्या की बाईंनी कानांवर हात ठेवले. पुढच्या महिन्यात पुन्हा पाया खणला. या खेपेला दगड आतल्या अंगाला कलते घेतले आणि खाली पाणी निघायला भोकं ठेवली. भिंत मांडीइतकी उंच झाली. तळाला फुटक्या मडक्यांची खापरं घातली, वर बोडीतला, म्हणजे शेततळ्यातला, गाळ. उन्हाळ्यात बोडी आटते, तळाला काळा लोण्यासारखा गाळ उरतो. तो टोपल्यांनी डोक्यावरून आणला. वर शेणखत आणि धानाचा कोंडा. मानेचं हाड आजही दुखतं ते त्या टोपल्यांमुळे, दुसऱ्या कशामुळे नाही.

पावसाळा लागला तेव्हा मी माहेराहून झेंडूचं, तेरड्याचं बी आणि शेवंतीची मुनवं, मुळाशी फुटलेले कोंब, आणवली. आणि मुद्दाम, हो, अगदी मुद्दाम, बाहेर बसले त्याच दिवशी ती लावली. बाईंनी पाहिलं. काऊन वो, म्हणाल्या, जळतीन ना सगळी. मी म्हटलं, जळू द्या. त्यानंतर बाई रोज सकाळी वाडीत यायच्या आणि झाडं जळली का ते पाहून जायच्या. झाडं काही जळेनात. आजूबाजूला घोटाभर पाणी आणि माझा वाफा कोरडा ठणठणीत. दसऱ्याला झेंडू असा फुटला की बांध्यांतून येणारे लोक थबकून पाहायचे. बाई म्हणाल्या, जागा दमट हाये म्हणून जगली. मी म्हटलं, हो, म्हणूनच.

ही फुलं देवाला चालणार नाहीत, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. विटाळात लावलेली ना ती. नका चालू देऊ. देवाला न चालणारी फुलं माझ्या अंबाड्यात छान चालली. त्या घरात भांडं माझं नव्हतं, पेटी माझी होती पण तिची किल्ली बाईंच्या कंबरेला होती, नवरासुद्धा अर्धा भावाचाच होता. हा वाफा तेवढा माझा होता. तोडलेलं फूल कोणी घेत नव्हतं, मातीला कोणी हात लावत नव्हतं. ज्या विटाळानं मला घराबाहेर काढलं त्यानंच माझ्या वाफ्याला कुंपण घातलं होतं, आणि मला त्याचा आनंद होता.

धान कापून झालं आणि भासऱ्यांनी नवी बैलजोडी आणली. गोठा, आमच्याकडचा कोठा, पुरेना. त्यांनी वाडी पाहिली, माझा कोपरा पाहिला. दगडाचा पाया आयताच उभा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाले की धाकलीचे दगड काढून तिथेच कोठा बांधतो. बाईंनी शंका काढली की ती माती विटाळाची आहे. भासरे म्हणाले, शेणाचा सडा टाक. बाई म्हणाल्या, सडा टाकला तर वरचं शुद्ध होईल, पण ते तर तळापासून तिनंच कालवलंय, आतल्याचं काय करायचं? भासरे म्हणाले, मी काही तेवढं मानत नाही, नंतर आंघोळ करीन. आणि कुदळ घेऊन निघाले.

मी भांडी घासत होते. हात राखेनं माखलेले, तशीच धावले. ते वाडीत शिरायच्या आत मी वाफ्यावर चढले आणि शेवंतीच्या मधोमध बसले. काय करणार हे मला माहीत नव्हतं. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो मी वर घेतला नाही. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले.

"मी बाहेरची हावो. इथी येऊ नका."

ते खाडकन थांबले. पुढे यायचं धाडस कोणी करत नाही. वाफ्याला हात लावून आंघोळ करणं वेगळं आणि विटाळशी बाईला हात धरून उठवणं वेगळं. पण ते मूर्ख नव्हते. परवाच मी न्हाऊन घरात आले होते, सकाळचा भात माझ्याच हातचा त्यांनी खाल्ला होता. ते रागानं लालबुंद झाले आणि आईकडे वळले. बाई दारात उभ्या होत्या.

"माय, तूच सांग. परवा तं न्हाली हे. खरं बोलून राह्यली काय?"

आता सगळं बाईंच्या जिभेवर होतं. माझ्या न्हाण्याचं पाणी त्याच तापवायच्या, माझा दिवस न् दिवस त्यांना पाठ. त्या एवढंच म्हणाल्या असत्या, नाही रे बाबा, खोटं बोलते, तर मला माहेरची वाट धरावी लागली असती. भासऱ्याला तोंड वर करून बोलणारी, वर खोटारडी. मी शेवंतीची फांदी मुठीत धरली होती. मी उठले नाही. उठवायचंच असेल तर ओढून काढा, असं मी मनात म्हणत होते.

बाईंनी माझ्या मुठीतल्या फांदीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. बाहेरची हाये. सकायपासूनच हाये."

"मंग भात?"

"भात मी रांधला होता. अन् कोठा बांधाचा असन तं त्या बाजूनं बांध. इथी हात लावाचा नाई."

भासऱ्यांनी कुदळ तिथेच टाकली आणि ते निघून गेले. मी वाफ्यावरून उतरले आणि गुपचूप मांडवात जाऊन बसले. बसावंच लागलं. आता तीन दिवस मी विटाळशी होते आणि सगळं घर एकट्या बाईंवर पडलं. गुडघे धरलेली म्हातारी ती, पहाटे जात्यावर बसली, विहिरीवरून पाणी आणलं, शेण काढलं. मला दिसत होतं सगळं. मदतीला जाता येत नव्हतं, गेले असते तर खोटं उघडं पडलं असतं. बाई लांबून भाकर टाकायच्या आणि परत जायच्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या. भाकर टाकली, पण गेल्या नाहीत. वाफ्यापाशी गेल्या, काठाच्या दगडावर बसल्या आणि मातीत हात घालून तण उपटायला लागल्या. अहो बाई, विटाळ होईल ना, असं म्हणाले मी. त्यांनी मान वर केली नाही.

"चाळीस वर्सं झाली मले या घरात," त्या म्हणाल्या. "माह्या नावाची एक खुंटीबी नाई." बराच वेळ तण उपटत राहिल्या. मग हात झटकून उठल्या आणि भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "हा दगड हालते. तीन दिवसात काम होत नाई तुह्यानं. पुढच्या महिन्यात पाच दिवस बस. मी पाहीन घरचं."

पुढच्या महिन्यात मी सात दिवस बसले.