नावाआधीचं टिंब

"खुर्ची नाहीये," सर म्हणाले. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मी दाराशी उभी राहिले.

खराडीतलं एका विमा कंपनीचं ऑफिस. मी तिथं कंत्राटावरची ऑपरेटर, अकरा वर्षं. कंपनीचे सगळे ग्राहक एका जुन्या अवाढव्य संगणकात आहेत, त्याला मेनफ्रेम म्हणतात. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यावरून वाचायचं आणि एक्सेलमध्ये टाईप करायचं, हे माझं काम. बिबवेवाडीहून दोन बस बदलून यायचं आणि दिवसभर डोळे फोडायचे. आता आयटीच्या नव्या सरांनी एक्सेल थेट मेनफ्रेमला जोडलं होतं. त्या दिवशी त्याचा डेमो होता. बटण दाबलं की नावं, पत्ते, जन्मतारखा भराभर उतरायच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काम चांगलंच होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

मग मी नीट पाहिलं. नावाआधीची टिंबं गेली होती.

जुन्या पडद्यावर 'माणूस गेला' असं लिहायला जागाच नाही. दाव्याचे कागद पुरे होईपर्यंत मेनफ्रेमच्या लेखी तो जिवंत. म्हणून घरच्यांचा फोन आला की आम्ही नावाआधी एक टिंब द्यायचो. टिंब असलेल्याला पत्र पाठवायचं नाही. मला हे माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्या कुणीतरी. कुठं लिहिलेलं नाही.

"सर, ती टिंबं काढू नका," मी म्हणाले.

"अहो, तो कचरा आहे. साफ केलाय."

"कचरा नाही सर, त्याचा अर्थ..."

"आपलं शिक्षण?"

"बारावी."

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा." मग हसून, "आपण टायपिंग छान करता. तेवढंच करा."

सगळे हसले. त्या 'अच्छा'त काय असतं ते मला शाळेपासून ठाऊक आहे. फळ्यावर गणित सोडवायला मी हात वर केला की बाई आडनाव विचारायच्या, आणि दुसऱ्याच कुणाला बोलवायच्या. राग नंतर आला. त्या क्षणी नुसता थकवा आला. वाक्य अर्धंच राहिलं.

पुढच्या महिन्यात वाढदिवसाची पत्रं नव्या यादीवरून गेली. तक्रारीचे फोन घ्यायला मीच. वाघोलीच्या पलीकडच्या एक बाई होत्या. चिडल्या नव्हत्या.

"ताई, आमचे मालक जाऊन चार महिने झाले. म्याच फोन केला हुता तुमास्नी. आन् पत्रात लिवलंय, दीर्घायुष्य लाभो. कुणाला लाभायचं हाय?"

मी माफी मागितली. सरांच्या वतीनं नाही, माझी मागितली. त्यांच्या मालकांच्या नावाआधी टिंब मीच दिलं होतं. मला माहीत होतं, आणि मी अर्ध्या वाक्यावर थांबले होते.

असे फोन दिवसभर आले. संध्याकाळी मला बोलावणं आलं. डेमो झाला तीच खोली.

"बसा ना." सरांनी स्वतः खुर्ची ओढली. तेव्हाच कळलं, माझ्याकडून काहीतरी हवंय. समोर कागद. 'ऑपरेटरने नोंदींत परस्पर चिन्हे वापरल्यामुळे चुकीची पत्रे गेली.' खाली माझं नाव, आडनावासकट. तेवढं मात्र बिनचूक.

"सही करा, विषय संपवू. कंत्राट वाढवायचंय ना?"

मुलगी कॉलेजात आहे. घर माझ्यावर चालतं. हात पेनाकडे गेलासुद्धा. मग त्या बाईंचा आवाज आठवला. मी त्या वाक्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'टिंब म्हणजे ती व्यक्ती वारली आहे. हे मी डेमोत सांगत होते. मला हसून गप्प केलं.' सही केली. कागदाचा फोटो काढला.

"याचा परिणाम कळतो ना आपल्याला?"

"कळतो सर."

कंत्राट वाढलं नाही. टिंबांचा अर्थ आता त्यांच्याकडे लेखी आहे. तरी मेलेल्यांना पत्रं जातच असतील, तर ती चूक माझी नाही.

मी दमलेय. दुसरं काम शोधतेय. मिळेल तिथं आधी खुर्ची ओढून बसेन, मग बोलेन. हसले तर त्यांचं हसून होऊ देईन. आणि तेच वाक्य पहिल्यापासून बोलेन, पुरं होईपर्यंत.