सव्वीस पायऱ्या

लॉर्ना पेल्की ही आमच्या ईस्ट टार्लो गावची आमदार. आमदार म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काय यायचं ते येवो. आमची आमदार सोमवारी शाळेची बस चालवते, मंगळवार ते शुक्रवार राजधानीत कायदे करते आणि शनिवारी सकाळी गावच्या कचरा डेपोवर थर्मास घेऊन उभी राहते. आमच्याकडे कचऱ्याची गाडी दारात येत नाही, ज्याचा त्याने आपला कचरा डेपोवर आणायचा. त्यामुळे सगळं गाव भेटायचं तर तिथेच. कुणी रस्त्यातल्या चिखलावरून भांडतो, कुणी शाळेच्या छपरावरून, आणि ही बया सगळं वहीत लिहून घेते.

मी हेस्टर. तिची शेजारीण, तिच्या समितीची कारकून आणि आठवड्यातले चार दिवस तिच्या गाडीतली सोबत. तिला तोंडावर बोलायचा हक्क मी वीस वर्षांत कमावलाय.

मार्चमधल्या त्या मंगळवारी मी गाडीत बसते न बसते तोच ती म्हणाली, "हेस्टर, शनिवारी मी राजीनामा देणार. आधी रॉइसच्या डेल्फीनला सांगीन, मग पत्र गावच्या कचेरीत. लिहून तयार आहे."

"हे काय नवीन खूळ?"

"खूळ नाही. त्या खुर्चीत बसायची माझी लायकी नाही."

"समोर बघून चालव. चाक रुतलं तर ढकलायला मी उतरणार नाही."

तिने फोन हातात घेतला आणि रोजच्यासारखा रॉइसचा गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला निरोप लावला. "लॉर्ना, रॉइस बोलतोय. बुधवारी विसरू नकोस हं." मेलेल्या माणसाचा इतका ताजा आवाज! मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गोष्ट गेल्या वर्षीच्या मार्चमधली. डोंगरावरच्या चार गावांसाठी हिवाळ्यात एक अँब्युलन्स वरच ठेवावी, एवढंच ते विधेयक. त्यासाठी सगळ्यात जास्त धडपडला तो आमचा रॉइस कोटा. नारिंगी लोकरीची टोपी घालून साक्ष द्यायला राजधानीपर्यंत आला. त्या बुधवारी मतदान होतं. समितीत अकरा जण. मी नावं पुकारली. पाच हो, पाच नाही, आणि लॉर्नाची खुर्ची रिकामी. ती खाली दालनात गावाहून आलेल्या चौथीच्या पोरांना पेंढा भरलेलं अस्वल दाखवत होती. आमच्याकडे रीत अशी, की सदस्य इमारतीत असेल तर कारकुनाने त्याला शोधून आणायचं, मगच मतांची यादी बंद करायची. अध्यक्ष म्हणाले, "हेस्टर, जरा बघून या."

मी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेले. खाली लॉर्ना मला स्वच्छ दिसली. मध्ये सव्वीस पायऱ्या. माझा गुडघा ठणकत होता, आणि त्या सकाळी तिने मला थंडीत अर्धा तास तिष्ठत ठेवलं होतं, तो राग डोक्यात होता. म्हटलं, बाईला आपलं काम आपल्याला कळू नये? मी काय तिची दासी? विधेयक काय, पुढच्या वर्षी येईल परत. मी तशीच मागे फिरले आणि यादीवर लिहिलं, 'शोधलं, सापडल्या नाहीत.' पाच-पाच. विधेयक पडलं.

जिन्याच्या मधल्या पायरीवर रॉइस सँडविच खात बसला होता. त्याने मला पाहिलं आणि टोपी उचलली.

यंदा जानेवारीत त्याच्या छातीत कळ आली. खोऱ्यातून अँब्युलन्स वर यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर सगळं आटोपलं होतं.

लॉर्नाने सगळा दोष स्वतःवर ओढून घेतला. "मी पोरांत रमले गं. तू बिचारी शोधत फिरलीस." बिचारी म्हणते मला! रॉइसची बायको डेल्फीन दर शनिवारी डेपोवर येते, पिशव्या टाकते, आम्हा दोघींकडे टक लावून बघते आणि शब्द न बोलता जाते. लॉर्नाला वाटतं, ती तिच्याकडे बघते. मला मात्र पक्कं ठाऊक होतं ती कुणाकडे बघते. रॉइसने घरी सांगितलं नसेल होय?

आणि जानेवारीपासून मी तो जिना सोडला. मागच्या लिफ्टने जाते. कारण मधल्या पायरीवर तो बसलेला असतो. हसायचं तर हसा. मांडीवर नारिंगी टोपी, हातात सँडविचचा कागद. काही बोलत नाही, रागवत नाही. नुसता वर बघतो, आता ही उतरेल म्हणून.

यंदा तेच विधेयक परत आलं होतं. शुक्रवारी पाचच्या आत समितीतून बाहेर पडलं नाही, की वर्षभरासाठी मेलं. बुधवार-गुरुवार लॉर्ना उपाहारगृहात एकेका सदस्याला गाठत होती. दक्षिणेकडचा एक जण वैतागला, "बाई, दोन वर्षं तेच दळण!"

"गेल्या वर्षी पीठ पडलं नाही ना, म्हणून," ती म्हणाली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसली.

शुक्रवारी ती सकाळी नऊला खुर्चीत बसली ती उठलीच नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही, मध्येच उठावं लागेल म्हणून. तीन वाजता खालून निरोप आला, की ईस्ट टार्लोची चौथीची पोरं आलीत. लॉर्नाचा चेहरा पांढरा पडला. "हेस्टर, तू जा. सांग त्यांना, मी येत नाही म्हणून."

लिफ्ट बंद होती. नेमकी तेव्हाच!

मी जिन्याच्या तोंडाशी आले. तो होताच. कठडा घट्ट धरून, डोळे मिटून मी उतरले. मधल्या पायरीवर ओल्या लोकरीचा वास आला. मी पुटपुटले, "रॉइस, उतरतेय रे बाबा, उतरतेय." पोरांना वाटलं, म्हातारी प्रार्थना करतेय.

सव्वीस पायऱ्या उतरायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

साडेचारला मी नावं पुकारली. "पेल्की?" "हो." सहा-पाच. विधेयक बाहेर पडलं. मला वाटलं, चला, आता हिचं मन फिरेल. पण परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "हे रॉइसला परत आणणार आहे का? उद्या पत्र देते." सांगायला तीस मैलांचा रस्ता होता. मी तोंड उघडलं नाही.

शनिवारी डेल्फीन आली. पिशव्या टाकल्या. लॉर्ना पत्र हातात घेऊन पुढे झाली. "डेल्फीन, मला माफ कर. त्या दिवशी मी..."

"पुरे गं," डेल्फीन म्हणाली. "किती दिवस तोंड पाडून उभी राहशील? मी रागाने गप्प नव्हते, मला बोलायला सुचत नव्हतं. तुझी कसली चूक? रॉइसने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. म्हणाला, हेस्टर बिचारी जिन्यापर्यंत आली, वाकून वाकून बघत होती, पण त्या गर्दीत तिला लॉर्ना दिसलीच नाही. मी मध्येच बसलो होतो, उठून बोट दाखवायला हवं होतं. माझ्यामुळे गेलं ते विधेयक. शेवटपर्यंत हेच धरून बसला होता."

गप्प राहिले असते तर मी सुटले असते. खुद्द रॉइसनेच मला सोडवलं होतं.

"दिसली होती," मी म्हणाले. "मला लॉर्ना दिसली होती. मी उतरले नाही."

मग डेल्फीन अगदी हळू म्हणाली, "दहा महिने तो स्वतःला कोसत होता, हेस्टर. एकदा तरी सांगायचंस त्याला."

लॉर्नाने हातातलं पत्र फाडलं, तुकडे कागदाच्या डब्यात टाकले, थर्मास उचलला आणि गाडीत बसून निघून गेली. मला न घेता.