डब्याच्या भिंतीवरची फुली

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील रेल्वेत कारकून आणि युनियनचे कार्यकर्ते. झाशीत ओरछा गेटजवळच्या आमच्या घरात संपाची ओली पत्रकं पलंगावर वाळत पडलेली असत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, यार्डाकडे गेलं की बुंदेली. तिन्ही येत होत्या म्हणून मला बालन्यायालयात दुभाषी नेमलं, बिनपगारी. अन्याय नीट मांडला की ऐकला जातो, अशी तेव्हा माझी खात्री होती.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची होती. वॅगनमधून चोरून कोळसा उतरवताना दुसऱ्यांदा पकडलेली. तिला आईकडे पाठवायचं, की मोठी होईपर्यंत दूरच्या सुधारगृहात, हे मॅजिस्ट्रेट ठरवणार होते. त्यासाठी त्यांना मानसतज्ज्ञाचा अहवाल हवा होता.

तज्ज्ञ बाहेरगावाहून आले. सभ्य, प्रवासानं शिणलेले गृहस्थ. तिच्यापुढे कागद सरकवून म्हणाले, घर काढ. मी बुंदेलीत सांगितलं. तिनं एक लांबट पेटी काढली. खिडकी नाही, खाली चाकं, आणि भिंतीवर मोठी फुली.

अहवालात आलं की घराला पाया नाही, सबब पळून जाण्याची वृत्ती. खिडकी नाही, सबब मन बंद. फुली म्हणजे स्वतःच्या घराचा तिरस्कार.

झाशीत रेल्वेच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, बाद झालेल्या वॅगनवर फुली मारतात. तिचा बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर होता. तो वारला, क्वार्टर गेलं, आणि मायलेकी यार्डामागच्या गंजक्या रुळावर उभ्या असलेल्या अशाच एका वॅगनमध्ये राहू लागल्या. पोरीनं आपलं घर जसंच्या तसं काढलं होतं.

मी हे तज्ज्ञांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बहनजी, मी घर तपासत नाही, चित्र तपासतो. एकेकाचं घर बघत बसलो तर सगळ्यांना एक माप कसं लावू?"

मी फेरतपासणीचा अर्ज केला. त्यातले जळजळीत शब्द वडिलांनी खोडले. म्हणाले, शिव्या पहिल्या ओळीत दिसल्या तर दुसरी ओळ कुणी वाचत नाही. अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी मी घरी जवळजवळ नाचत आले.

तोपर्यंत मुलगी शहरातल्याच बालगृहात होती. काही महिन्यांनी दुसऱ्या तज्ज्ञ आल्या, एक बाई. तोच कागद, तीच आज्ञा. या वेळी मुलीनं पेन्सिल उचललीच नाही. माझ्याकडे वळली.

"जिज्जी, कैसो घर बनाएँ, तो घरै जान देहैं?"

कसलं घर काढू, म्हणजे मला घरी जाऊ देतील? बाईंनी विचारलं, काय म्हणतेय? दुभाष्यानं काही गाळायचं नसतं. मी सांगितलं. मग मुलीनं उतरत्या छपराचं घर काढलं, दोन खिडक्या, दारापुढे फुलझाड, डोंगराआड सूर्य. बालगृहाच्या भिंतीवरच्या तक्त्यात तसं घर होतं.

नवा अहवाल म्हणाला, चित्र उसनं आहे, मुलगी समोरच्याला काय हवं ते हेरते, धूर्त आहे.

मी कोर्टात उभी राहून बोलले. तोच कोळसा दोनदा टाकून ज्या काट्यावर दोन वजनं येतात, तो काटा तुम्ही मालधक्क्यावर एक दिवस ठेवाल का? एकदा तिनं खरं काढलं, एकदा तुम्हाला हवं तसं काढलं. तिनं तिसरं काय काढायचं राहिलं?

मॅजिस्ट्रेटनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले.

"पण घरी पाठवू नये, हे तर दोघंही म्हणतात."

मुलीला त्याच आठवड्यात सुधारगृहात नेलं.

आई कोर्टात मागे बसलेली होती. सगळ्या बोलण्यातून तिला एवढंच कळलं की भिंतीवरच्या फुलीनं घात केला. मी भेटायला गेले तेव्हा ती विटेच्या तुकड्यानं वॅगनवरची फुली घासत होती. मी म्हटलं, अम्मा, या फुलीमुळे नाही झालं ते.

"तो फिर काए से भओ, बिटिया?"

मग कशानं झालं? या निकालाविरुद्ध मी एक पत्रक लिहून बरोबर नेलं होतं, ते पिशवीतच राहिलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवावं असं त्यात काही उरलेलं मला दिसेना.

पुढच्या खेपेला गेले, तर यार्डवाल्यांनी ताज्या पांढऱ्या रंगानं फुली पुन्हा मारून ठेवली होती. वीट घेऊन ती पुन्हा घासत होती. रंग ओला होता, तो नुसता पसरत होता.