एकावन्नावे पुस्तक

क्लेमेंटिना फर्नांडिसला पुस्तकांची यादी दिसली की तिच्या हातातले काम थांबते. मग तव्यावर बांगडा असो की ओव्हनमध्ये कोणाच्या वाढदिवसाचा केक. रविवारच्या पुरवणीत ‘आयुष्यात एकदा तरी वाचायलाच हवीत’ अशा पुस्तकांची यादी आली की ती चष्मा शोधते, उभ्याउभ्याच वरून खालपर्यंत बोट फिरवते आणि शेवटच्या नावापाशी पोचली की मान हलवते. नाही. नवरा रॉक खुर्चीतून विचारतो, काय नाही? ती बांगडा उलटते. तो एका बाजूने करपलेला असतो. रॉकने आयुष्यभर जहाजावर स्वयंपाक केला आहे, त्यामुळे करपलेल्या बांगड्यावर त्याला बरेच बोलता येते.

ती एक पुस्तक शोधते आहे. लहानपणी गालगुंड झाले म्हणून तिला म्हापशाला मावशीकडे ठेवले होते. तिथे माडीवर एक मराठी पुस्तक पडलेले होते. कव्हर नाही, सुरुवातीची पाने नाहीत, शेवटची नाहीत. एका नावाड्याची पोरगी असते. होडीत एक माणूस आपली पेटी विसरतो आणि बाप आजारी म्हणून ती पोरगी एकटीच पेटी पोचवायला निघते, गावोगाव विचारत. पेटी उघडून बघ असे प्रत्येक गावात कोणीतरी सांगते. ती उघडत नाही. शेवटी एक घर सापडते, पोरगी कडी वाजवते, आतून कोणीतरी चालत येते, आणि पुढची पानेच नाहीत. पुढच्या सुट्टीत क्लेमेंटिना पुन्हा गेली तोवर मावशीने रद्दी देऊन टाकली होती.

तेव्हापासून ती प्रत्येक यादीत त्या पोरीला शोधते. एवढे चांगले पुस्तक कोणाच्या तरी यादीत असणारच, असे तिला वाटते. नाव ऐकून काही कळत नाही, म्हणून यादी नुसती बघून भागत नाही, पुस्तके वाचावी लागतात. अशी तिची बरीच वाचून झाली. एकही ते नव्हते. पण ती वाचली याचे तिला कधी वाईट वाटले नाही.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या वाडीतल्या वाचनालयाने पन्नास पुस्तकांची यादी लावली. निवृत्त शिक्षक गुरुदास मास्तरांनी ती स्वतः निवडली होती. पुठ्ठ्यावर एक ते पन्नास नावे होती आणि खाली एकावन्नच्या पुढे मोकळी जागा. पन्नासही वाचून जो पहिला येईल, त्याने वर्धापनदिनाच्या सभेत उभे राहून सांगायचे की एकावन्नावे कोणते आणि का.

क्लेमेंटिनाने ते वाचले आणि तिथल्या बाकावर बसलीच. अख्खी सभा! मालवणचे लोक येणार, कुडाळचे येणार, मुंबईहून आलेले चाकरमानी येणार. त्यांच्यासमोर तिला ती गोष्ट सांगता येणार आणि कोणीतरी उठून नाव सांगणार. आजवर हे तिला सुचले कसे नाही?

वाचनालय सांभाळणाऱ्या दिव्याकडून तिने तिथल्या तिथे एक नंबरचे पुस्तक घेतले.

तीन-चार महिने त्या घरात काय चालले होते ते रॉकला विचारावे. केक बसले. एका बारशाच्या केकवर मुलाऐवजी मुलीचे नाव गेले. माशांच्या आमटीत कोकम दोनदा पडले आणि एकदा पडलेच नाही.

"पन्नास झाल्यार सांग," रॉक म्हणायचा. "मगे माका जेवक वाढ. तवसर मी उपाशी रवतंय."

"फ्रिजात ब्रेड आसा," ती पान न सोडता म्हणायची.

शर्यतीत सुरुवातीला बरेच होते. होळीपर्यंत दोनच उरले, एक ती आणि दुसरे खुद्द गुरुदास मास्तर. यादी केली म्हणून मला सूट नको, मी सगळी पुन्हा वाचणार, असे त्यांनी जाहीर केले होते. त्यांची रीत अशी की आधी पातळ पुस्तके उरकायची. जाडजूड शेवटासाठी ठेवली होती, त्यातले एक तेवढे आधीच घरी नेले होते. क्लेमेंटिना मात्र पुठ्ठ्यावर होते त्याच क्रमाने जात होती. वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रूसापुढे, मे महिन्यात लदीन ही प्रार्थना होते तेव्हा संतांची नावे तीच म्हणते आणि एकेका नावामागून लोक विनवणी करतात. त्यात मधले नाव गाळून पुढचे घेता येत नाही. गाळलेल्या संताने मग आपले का ऐकावे? यादी म्हटली की तिच्या डोक्यात ती लदीनच बसलेली.

आणि तेविसावे पुस्तक मिळेना.

ते मास्तरांकडे होते. दिव्याने फोन केला की मास्तर म्हणत, घरीच आहे, उद्या आणतो. उद्या ते यायचे आणि दुसऱ्याच विषयावर बोलायचे. आंटी, तोपर्यंत चोविसावे न्या ना, असे दिव्याने सांगून बघितले. क्लेमेंटिना तयार नव्हती. आठवडाभर ती काहीही न वाचता घरात फिरली आणि रॉकला रोज वेळेवर गरम जेवण मिळाले. तोच कंटाळून म्हणाला, जा आणि घेऊन ये एकदाचे.

मास्तर बाजाराच्या दिवशी कुडाळला गेलेले बघून ती त्यांच्या घरी गेली. मागच्या पडवीत मास्तरांची बायको रुक्मिणी बसली होती. हिला पाहताच तिने मांडीवरचे काहीतरी सुपाखाली सरकवले. सूप लहान होते आणि पुस्तक जाडजूड.

रुक्मिणीने आधी पाणी दिले, मग गूळ दिला आणि मग कबूल केले. मास्तरांना वाटते की पुस्तक एसटीत राहिले. यादी करणाऱ्यानेच पुस्तक हरवले, हे सांगायची त्यांना लाज वाटते. पुस्तक असते तांदळाच्या पिंपात. दुपारी मास्तर झोपले की ती ते काढते.

"ह्यांका सांगू नको हां," ती म्हणाली. "ह्ये वाचतत आणि जेवताना शेवट सांगून टाकतत. लगीन झाल्यापासून एका पुस्तकाचो शेवट माका माझो मिळूक नाय."

क्लेमेंटिनाला हसू आले आणि लगेच गेले. रुक्मिणी बोट लावून वाचत होती आणि अजून अर्ध्यावरही नव्हती. या गतीने वर्धापनदिन उलटून गेला असता. पुस्तक आता उचलले तर ते दोन दिवसांत वाचून होईल, हेही तिला दिसत होते. पण शेवट न मिळणे म्हणजे काय, हे तिच्याइतके वाडीत कोणाला ठाऊक होते?

"मी मोठ्यान वाचतंय, तू ऐक," ती म्हणाली. "पण पयल्या पानापासून."

"पयल्यापासून तर बराच," रुक्मिणी म्हणाली आणि आमसुलांची टोपली पुढे ओढून बसली.

मग रोज दुपारी, पुढच्या ओटीवर मास्तर घोरत असताना, मागच्या पडवीत वाचन चालले. क्लेमेंटिना लदीन म्हणते तशी खणखणीत वाचायची आणि रुक्मिणी तिला हळू, हळू म्हणून खुणावायची. शेवटच्या प्रकरणाला तर दोघी पडवी सोडून माडात जाऊन बसल्या. पुस्तक संपले तेव्हा रुक्मिणीने शेवटचे पान पुन्हा एकदा बोट लावून वाचले. मग तिने ते देवघराच्या फळीमागे ठेवले आणि संध्याकाळी स्वतःच ‘शोधून’ दिले. मास्तर इतके खूश झाले की बायकोला चहा करून दिला.

त्यानंतर धांदलच उडाली. मास्तरांची आता सगळी जाडजूडच वाचायची उरलेली. क्लेमेंटिना ओव्हनसमोर स्टूल टाकून वाचू लागली. दिव्या दोघांना एकमेकांचे आकडे सांगायची आणि दोघेही ऐकून पळत घरी जायचे. सभेच्या आदल्या दिवशी क्लेमेंटिनाने पन्नासावे आणून टेबलावर ठेवले. मास्तरांचे एक राहिले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि तिचे अभिनंदन केले, जरा कोरडेच.

सभेत ती नाताळची साडी नेसून उभी राहिली. भाषण घोकून आली होती. सन्माननीय अध्यक्ष, उपस्थित वाचकहो, असे छान सुरू झाले. पण पोरगी पेटी घेऊन दुसऱ्या गावात पोचली तोवर क्लेमेंटिना मालवणीत शिरली होती आणि तिसऱ्या गावात चहावाल्याने किटली खाली ठेवली.

"पोरीन कडी वाजयल्यान," क्लेमेंटिना म्हणाली. "भितरसून कोणतरी चलत इला. आणि..."

"मगे?" बायकांतून दोघीतिघींनी एकदम विचारले.

"मगे पानांच नाय."

सभागृहात अशी काही कुजबुज झाली की जणू कोणी त्यांच्याच हातातून पुस्तक हिसकावले. पुठ्ठ्यापाशी मार्कर घेऊन उभी असलेली दिव्या म्हणाली, "आंटी, पण नाव काय लिहू?"

"नाव म्हायत असतां तर इतकी पुस्तकां वाचलंय असतंय काय गो?"

लोक हसले. मग सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या. मास्तर उठले. बिननावाचे पुस्तक यादीत कसे घेणार, असे ते म्हणतील असेच सर्वांना वाटले. ते म्हणाले, "हे मी वाचलेले नाही." असे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. रुक्मिणी तर वळून बघायला लागली.

आणि मग सभा सभा राहिली नाही. कुडाळचे एक गृहस्थ म्हणाले, हे तर भाषांतर, मूळ बंगाली असणार. पिंगुळीची एक बाई म्हणाली, होडी नव्हे, बैलगाडी होती, पण पेटी नक्की होती. एका चाकरमान्याने डोंबिवलीला बहिणीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. प्रत्येकाला एकेक नाव आठवत होते आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटत होते. मास्तरांनी दिव्याच्या हातातला मार्कर घेतला आणि पुठ्ठा उलटून मागच्या कोऱ्या बाजूला नावे लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता पुठ्ठा भरला. अध्यक्षांचे भाषण राहून गेले, ते त्यांच्याही लक्षात आले नाही, कारण तेही दोन नावे सुचवून बसले होते.

क्लेमेंटिना त्या यादीसमोर उभी राहिली. वरून खाली बोट फिरवले. या वेळी मान हलवली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी खालसून येवा, मी वयसून येतंय."

"क्रमाने?" मास्तरांनी विचारले.

"क्रमानच."

दुसऱ्या दिवशी दिव्या कुलूप काढायला आली तेव्हा दोघे पायरीवर होते आणि रुक्मिणी पिशवी घेऊन मागून येत होती. दिवा लावायलाही कोणी थांबले नाही. क्लेमेंटिना एका कपाटाशी, मास्तर दुसऱ्याशी. थोड्या वेळाने मास्तरांचा आवाज आला, "इथे होडी आहे हो, पहिल्याच पानावर."

"पेटी आसा काय?" क्लेमेंटिनाने विचारले आणि हातातले पुस्तक उघडेच घेऊन ती त्यांच्याकडे धावली.

मास्तरांनी पान उलटले.