मोडीत न गेलेली वाटी

मेलेल्या माणसांची परवानगी घेतल्याशिवाय दिवाळीची खरेदी होऊ न देणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला, आणि ते नेमके माझे मामा निघाले. सख्खे नव्हेत, मानलेले. आईला भाऊ नव्हता म्हणून तिनं तरुणपणी त्यांना एकदा ओवाळलं, आणि तेव्हापासून हे गृहस्थ दर भाऊबीजेला आमच्या पूर्णेच्या घरी जेवायला हजर. धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. बाजारातल्या एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर पोतं टाकून बसायचे, नवं पातेलं गुडघ्यांत धरायचे आणि छिन्नी-हातोडीनं टिंबाटिंबानं अक्षरं उमटवायचे. गावातल्या लग्नांची, बारशांची, वास्तुशांतीची सगळी भांडी त्यांच्या गुडघ्यांतून गेलेली. माणसांचे चेहरे ते विसरत, पण त्यांची भांडी विसरत नसत. रस्त्यात नमस्कार केला की आधी ओळखच देत नसत, मग एकदम म्हणत, "तुमी ते मोठ्या घंगाळवाले न्हवं का?"

त्या वर्षांत आमच्याकडं स्टीलचं वेड शिरलं होतं. दिवाळी आली की दुकानावर कापडी फलक लागायचा : जुनी भांडी द्या, नवी स्टीलची घ्या. पैसे कसे द्यायचे याचे तीन रस्ते होते. रोख द्या, हप्ते बांधून घ्या, नाहीतर घरातलं तांबं-पितळ मोडीत द्या. सेलच्या चार दिवसांत दुकानाचे शेठजी मोडीला चढा भाव देत, त्यामुळे आम्हा रेल्वेवाल्यांच्या हातात बोनस असूनही शहाणी माणसं पोतं खांद्यावर टाकूनच येत. पितळ भट्टीत जाई, बोनस खिशात राही आणि घरात स्टील चमके. यात कोणाचं काही बिघडत होतं असं मामांखेरीज कोणालाही वाटत नव्हतं.

मामांचं म्हणणं असं की नोटेवर सरकारचं नाव असतं, ती दिली तर कोणाला काही लागत नाही. मोडीच्या भांड्यावर मात्र आपल्या माणसाचं नाव असतं, आणि नावासकट भांडं भट्टीत गेलं तर त्या माणसाला तिकडं पाणी मिळत नाही. म्हणून तराजूवर चढण्याआधी प्रत्येक भांडं पायरीवर थांबायचं. मामा नाव मोठ्यानं वाचत, काठावर नखानं एक टिचकी मारत आणि भांडं कानाशी धरत. आवाज मोकळा आला तर शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत एकेक अक्षर ठोकून सपाट करत. दबका आला तर भांडं परत देत, "न्हाई म्हणायलेत. रोख द्या." एवढ्या गर्दीत त्या टिचकीच्या वेळी सगळे गप्प व्हायचे. पाठीमागं उभ्या राहिलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. शेठजी कपाळाला हात लावत, पण मामांना हाकलण्याची त्यांची छाती झाली नाही, कारण मामांनी हात लावल्याशिवाय बायका भांडं द्यायलाच तयार नसत.

चुडाव्याचा एक शेतकरी वडिलांचा तांब्या घेऊन आला होता. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हातारा तहानेला हाय. भरून ठेव, उद्या बघू." तांब्या दुकानाच्या कोनाड्यात काठोकाठ भरून ठेवला, वर झाकण ठेवलं आणि शेठजींनी कुलूप लावलं. सकाळी तांब्या निम्मा. शेठजींनी, भोक सापडलं तर भाव पाडता येईल या आशेनं, तो उन्हात फिरवून फिरवून पाहिला. भोक नव्हतं. त्या शेतकऱ्यानं तांब्या कडेवरच्या पोरासारखा सांभाळत परत नेला आणि रोख पैसे मोजले. आणखी एकदा एक सून सासूचं पातेलं घेऊन आली, सासू वारली म्हणून सांगितलं. मामांनी नावावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "नाव आजून कोमट हाय की." सूनबाई लाजून म्हणाल्या, वारली नाही, लेकीकडं पाथरीला गेलीय, परवाच्या गाडीनं येणार. मामांनी पातेलं परत दिलं. आम्ही हसलो, पण हसताना मान वळवून मागं पाहणारेही आमच्यात होते.

ज्या दिवाळीची गोष्ट सांगायची आहे तिच्या आधी विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे आणि बंद चालू होते, त्यामुळे सगळी खरेदी शेवटच्या दोन दिवसांवर आलेली. बायकोला स्टीलच्या डब्यांचा सेट हवा होता. पोतं आईनं स्वतः भरून दिलं. त्या वर्षी आईचं काहीतरी बिनसलं होतं. डॉक्टरला दुखणं सापडत नव्हतं, पण ताट पुढं आलं की दोन घास खाऊन ती उठायची. पोतं भरताना मात्र तिला हुशारी आलेली पाहून मला बरंच वाटलं.

मामांनी एकेक भांडं काढलं. आजोबांची परात कानाशी धरून म्हणाले, "जातो म्हणायलेत. लय कंटाळलेत." आजीची कळशीही तयार झाली. मग पोत्याच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक लहान वाटी निघाली. मामांनी हातोडी खाली ठेवली. नाव वाचलं नाही, नुसता अंगठा फिरवला.

"ही कोणी टाकली?"

"आईनंच भरलंय पोतं."

"गोदा," मामा म्हणाले. "तुझ्या आधीची. चार महिन्यांची आसताना गेली. बारशाला नाव मीच घातलं हुतं. आक्कानं तुला कधी सांगितलं न्हाई?"

नाही. मी एकुलता एक आहे असं समजून छत्तिशीच्या जवळ आलो होतो. मामांनी टिचकी मारली, वाटी आपल्या कानाशी धरली आणि मग माझ्या. मला काय ऐकू आलं ते नीट सांगता येणार नाही. बाजारातला गलका बंद पडला. वाटीचा नाद हळूहळू विरला, आणि तो विरल्यावरही आत काहीतरी चालूच राहिलं, झोपलेलं मूल श्वास घेतं तेवढंच.

"आक्का आवराआवर करायलीय," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "लेकीला फुडं लावून द्यायलीय, म्हंजे मागनं हिला जायला वाट मोकळी. ही वाटी भट्टीत गेली तर तुझ्या मायला घरात थांबवणारं कोणी न्हाई. रोख दे."

शेठजी आतून म्हणाले, वाटी बाजूला ठेवा, बाकीचं तरी तोलू द्या. मामांनी पोतं स्वतःकडं ओढलं. एका घरची आहेत, आता कोणीच जाणार नाही, म्हणाले. कंटाळलेले आजोबासुद्धा परत पोत्यात गेले. मी सगळा बोनस शेठजींच्या गल्ल्यावर ठेवला. बायको पुढं दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घरी येऊन वाटी आईपुढं ठेवली. मग तिनं विचारलं, "न्हाई म्हणली का?"

"न्हाई म्हणली," मी म्हणालो.

आईनं वाटी मांडीवर घेतली. बऱ्याच वेळानं माझ्या बायकोला हाक मारून म्हणाली, "सकाळची भाकर हाय का गं?" आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

भाऊबीजेला आईनं मामांना ओवाळलं, मग माझ्यासमोर पाट मांडून त्यावर वाटी ठेवली आणि तिच्या वतीनं मला ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बहिणीला ओवाळणी घातली. दुसऱ्या दिवशी दारावर कासारीण आली. आईनं त्या ओवाळणीतून डझनभर हिरव्या बांगड्या मागितल्या, अडीचच्या मापाच्या. कासारीण म्हणाली, "सूनबाईला सव्वादोन बसतंय, काकू. ह्या ढिल्या हुतील."

"सुनेसाठी न्हाईत," आई म्हणाली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आई मात्र भाजी घ्यावी तशी बांगड्या निरखत होती.

मी सरळ मामांची पायरी गाठली आणि हे सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस दचकेल. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान डोलावली.

"बरोबर हाय. चाळिशीला आली. दोन-तीन बाळंतपणं झाली आसतील. अडीच लागणारच," म्हणाले, आणि पुन्हा छिन्नी उचलली.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, आणि तिच्यानंतर दोन वर्षांनी मामा गेले. मला त्या दोघांची अतोनात आठवण येते. गोदाताईचं वय मोजणारा आता मी एकटाच आहे. परवा कासारणीला मी तिच्या बांगड्यांचं माप सांगितलं खरं, पण ते बरोबर होतं की चुकलं हे विचारायला कोणी नव्हतं.