गुलाबी कागदावरचा साहेब

पत्रकं मी खूप काढली. लोक ती वाचत नाहीत. म्हणून त्या खेपेला चित्र लावायचं ठरवलं.

आलापल्लीजवळच्या एका गावाच्या जंगलात मंजुरीपेक्षा जास्त साग तोडला होता. लाकूड रस्त्याकडेला रचलेलं. ज्या साहेबाच्या सहीने ते जाणार, त्याचा नागपूरचा बंगला साऱ्या गावाला माहीत. ग्रामसभेने मोजणीचा ठराव केला तरच ट्रक थांबणार होते, आणि ठरावाला कोरम हवा.

हिंदुस्थान लुटून परतलेल्या कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची, त्यांच्याच देशात छापलेली व्यंगचित्रं माझ्याकडे होती. एक निवडलं. पोट सुटलेला साहेब पालखीत, मांडीवर हिऱ्यांची थैली, खाली भोई वाकलेले. वडशाच्या प्रेसमध्ये टाकलं. धानकापणी उरकून नाटकांचा हंगाम लागलेला, प्रेसवाल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिरातींचाच गुलाबी कागद. त्याने सवयीने चित्रातल्या साहेबाला नटासारखं गोल चौकटीत बसवलं, भोवती चांदण्या लावल्या. मला ते झकास वाटलं. मूर्खपणा माझाच. खाली छापलं : लुटारू साहेबाला जाब विचारा, शुक्रवार, सकाळी अकरा, शाळेचं पटांगण.

शुक्रवारी खरा साहेब वेळेवर आला. रिकाम्या सतरंज्या पाहिल्या, भिंतीवरचं चित्र पाहून मनापासून हसला, चहा पिऊन गेला. ग्रामसेवकाने एकपर्यंत वाट पाहिली, कोरम नाही असं लिहिलं आणि रजिस्टर घेऊन तोही गेला.

दिवस मावळताना पटांगणात गाव आलं. चटया, शाली, लेकरं. पुढच्या जागेवरून भांडणं. नाटकाच्या कागदावरची वेळ इकडे कोण वाचतो? नाटक जेवणं झाल्यावरच असतं.

एका बाईंनी विचारलं, "स्टेज काऊन नाई बांधला, बाबू?"

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही ग्रामसभा होती, सकाळीच मेली, तुमच्या जंगलाची होती, असं बरंच. पुढच्या चटईवरचे एक भाऊ म्हणाले, चला, तिकीट तरी वाचलं. काही जण हसले. बाई हसल्या नाहीत.

"आता तं सारे हाओत नं. घे सह्या."

"नाई चालत, बाई."

"काऊन?"

रजिस्टर बंद झालं, मी म्हटलं. कागदावर गाव आलंच नाही.

"मंग हे बसलो ते कोन हाओत?"

शनिवारी दुपारपर्यंत रस्त्याकडेला फक्त सागाची सालं उरली होती.