खसखस लावलेले अनारसे

आमच्या शारजा-दुबईतल्या मराठी मंडळींचा एक सामायिक डेटाबेस आहे. भारतात कोण कधी चाललंय, तिकडून कोण येतंय, कुठल्या गावाहून, बॅगेत किती किलो जागा आहे, हे ज्याने त्याने स्वतः भरायचं. मग ज्यांच्या नोंदीत ते गाव असेल त्या सगळ्यांच्या फोनवर आपोआप मेसेज जातो. औषधं, भाजणी, चष्मे असेच इकडून तिकडे होतात.

नोंदी करायला सगळे हौशी, काढायला कुणी नाही. कॅनडाला गेलेले, पुण्यात फ्लॅट घेऊन स्थिरावलेले, सगळे डेटाबेसमध्ये अजून शारजातच राहत होते. एक गृहस्थ तर तिथे अजून बॅचलर होते आणि त्यांची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात आहे. दिवाळीआधी ही साफसफाई माझ्याकडे आली. मला पसारा बघवत नाही, त्यामुळे मी खुशीतच होते. नियम साधा ठेवला: इथला व्हिसा संपला की नोंद काढायची. तसं सगळ्यांना कळवलं आणि शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

बहुतेकांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मोकळे झाले. फोन एकच आला, कोल्हापूरहून. इथल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले काका होते. माझी नोंद तेवढी राहू द्या, म्हणाले. मी नियम सांगितला.

"नोकरी खलास, व्हिसा खलास. ताई, तिकडून मला आता तेवढा मेसेजच येतो."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. एकाला सूट दिली की मागे रांग लागते. बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी माझ्या आईचा फोन आला, तोही कोल्हापूरहूनच, चढ्या आवाजात. तिने माझ्यासाठी फराळाचा डबा एका मुलीकडे दिला होता. ती नर्स, पहिल्याच नोकरीला शारजाला निघालेली. मुलीने डेटाबेसमध्ये नोंद करताच हेच काका तिच्या घरी हजर झाले, प्रत्येकाचं पार्सल उघडलं आणि आईच्या डब्यातले अनारसे काढून घेतले.

"कोण गं हा माणूस? काय सुरेख जाळी पडली होती!"

खसखस इथे बंद आहे, सरळ अमली पदार्थांत धरतात. आईला हे दर दिवाळीला बजावते. तिने ऐकलंही होतं, खसखशीची पुडी पाठवली नव्हती. पण अनारशाला लावलेली ती तिच्या लेखी खसखस नव्हतीच. आणि विमानतळावर अडकली असती ती मुलगी, जिने डबा उघडूनही पाहिला नव्हता.

मी काकांना फोन लावला. परतल्यापासून ते हेच करत होते. कोल्हापूरहून कुणी निघाल्याचा मेसेज आला की त्यांच्या घरी जायचं, सामान तपासायचं, पुन्हा नीट बांधून द्यायचं. हे आधी का नाही बोललात, असं मी जरा चिडूनच विचारलं. अनारसे फर्मास झालेत, आईला कळवा, एवढंच काका म्हणाले.

शुक्रवारी मी बसून जुन्या नोंदी काढल्या. संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन आला.

"ताई, शुक्रवार झाला. मेसेज बंद ना आता?"

"नाही काका. तुमचा चालू ठेवलाय."

"मग रविवारी एक कुटुंब निघतंय," ते म्हणाले. "त्यांच्याकडे जाऊन येतो."